काम आरएनएचं की त्या जागेचं? मूलपेशींतल्या एलएनसीआरएनएबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सी झाल्यावर मानवी आयपीएस पेशींच्या (प्रौढ पेशींना परत मूलपेशींसारखं करून मिळवलेल्या पेशींच्या) प्रयोगशाळेत रुजू व्हायचं आहे. ‘लांब नॉनकोडिंग आरएनए (एलएनसीआरएनए) मूलपेशींची ओळख ठरवतात’ हे वाक्य प्रत्येक रिव्ह्यूत दिसतं. ते कितपत खरं, आणि प्रकल्पासाठी एखादा एलएनसीआरएनए निवडायचा तर कोणत्या निकषावर?

मी बरीच वर्षं या पेशींसोबत काम करतेय आणि हा प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर देते. काही एलएनसीआरएनएंबाबत ते वाक्य ठामपणे खरं आहे, बाकी बऱ्याच जणांबाबत अर्धंच खरं आहे. अर्धं का, तर जीनोममधल्या एखाद्या जागेवर एलएनसीआरएनए तयार होतो, ती जागा आपण कापून टाकतो, पेशी बिघडते, आणि शोधनिबंधात लिहिलं जातं की अमुक आरएनए मूलपेशींसाठी आवश्यक आहे. पण कापताना तीन गोष्टी एकदम गेलेल्या असतात. आरएनएचा रेणू गेला, त्या जागेवरून पॉलिमरेज (डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम) धावायचं थांबलं, आणि तिथल्या डीएनएत एखादा एन्हान्सर (इतर जनुकांना चालना देणारा तुकडा) दडलेला असेल तर तोही गेला. नुकसान यातल्या कशामुळे झालं हे वेगळं काढल्याशिवाय आरएनएला श्रेय देता येत नाही. तुमच्या प्रकल्पाचा कस इथेच लागणार आहे.

व्याख्येवर फार वेळ घालवायला नको. २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब आणि प्रथिन न बनवणारा आरएनए, ही जुनी रूढ व्याख्या. २०२३ मध्ये या क्षेत्रातल्या अनेकांनी मिळून ही सीमा ५०० करावी असं सुचवलं, कारण २०० ही रेघ मुळात आरएनए वेगळा करण्याच्या पद्धतींच्या सोयीतून आली होती. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार, आणि एलएनसीआरएनए जनुकांची यादी आता त्याहून लांब झाली आहे. त्यातल्या बहुसंख्यांचं काम ठाऊक नाही. बरेच तर इतक्या कमी प्रमाणात असतात की पेशीमागे सरासरी एक रेणूही भरत नाही.

आता ज्याच्याबद्दल शंका उरलेली नाही त्या झिस्टकडे येऊ. मादी सस्तन प्राण्यांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक गप्प केलं जातं, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. झिस्ट सापडला १९९१ मध्ये. सुमारे सतरा हजार न्यूक्लिओटाइडचा हा आरएनए ज्या एक्सवरून तयार होतो त्याच एक्सवर पसरतो आणि त्याला झाकून टाकतो. मूलपेशींशी त्याचा संबंध फार सुंदर आहे. उंदराच्या मादी भ्रूणजन्य मूलपेशींत दोन्ही एक्स चालू असतात. त्या विभेदित व्हायला (ठरावीक प्रकारच्या पेशी बनायला) लागल्या की एका एक्सवर झिस्ट उसळतो आणि तो एक्स बंद पडतो. प्लुरिपोटंट असणं, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणं, आणि दोन्ही एक्स चालू असणं उंदरात हातात हात घालून जातं.

याहून महत्त्वाचा प्रयोग २००० सालचा, वुट्झ आणि येनिश यांचा. त्यांनी औषध देऊन झिस्ट हवा तेव्हा चालू-बंद करता येईल अशा मूलपेशी तयार केल्या. विभेदनाच्या पहिल्या दोन दिवसांत झिस्ट चालू केला तर गुणसूत्र गप्प होतं. त्यानंतर चालू केला तर काहीच होत नाही. सुरुवातीला ही शांतता उलटवता येते, म्हणजे झिस्ट थांबवला की जनुकं परत जागी होतात. तिसऱ्या दिवसानंतर मात्र झिस्ट काढून घेतला तरी एक्स गप्पच राहतो. हा प्रयोग मला विशेष का वाटतो? आरएनए तोच, गुणसूत्र तेच, पण परिणाम पेशी विकासाच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर ठरतो. एलएनसीआरएनएचं काम पेशीच्या अवस्थेपासून तोडून सांगता येत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. झिस्टच्या सुरुवातीच्या टोकाला ए-रिपीट नावाचा पुनरावृत्तीचा पट्टा असतो. तो काढला तर आरएनए गुणसूत्रावर पसरतो, पण जनुकं गप्प होत नाहीत. २०१५ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवलं की या कामातला कळीचा भिडू स्पेन नावाचं प्रथिन आहे. ते ए-रिपीटला चिकटतं आणि एचडीएसी३ च्या मार्गाने हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरचे) अ‍ॅसिटिल गट उतरवण्याची व्यवस्था करतं. कुठला तुकडा, कुठलं प्रथिन, काय परिणाम ही साखळी इथे पूर्ण आहे. कुठल्याही एलएनसीआरएनएबद्दलचा दावा वाचताना या साखळीतलं काय आहे आणि काय नाही ते तपासत जा.

मानवी पेशींत मात्र चित्र वेगळं आहे आणि तुमच्या रोजच्या कामाशी त्याचा थेट संबंध येणार आहे. मानवी आयपीएस पेशी नेहमीच्या पद्धतीने वाढवल्या तर त्या उंदराच्या मूलपेशींपेक्षा पुढच्या अवस्थेत असतात. स्त्रीच्या पेशींपासून केलेल्या लाइनमध्ये (एकाच स्रोतातून वाढवत नेलेल्या पेशींत) सुरुवातीला एक एक्स चालू, एक बंद, आणि बंद एक्सवर झिस्ट असं चित्र असतं. पण पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवून पुढे वाढवण्याच्या फेऱ्या) वाढत गेले की अनेक लाइन झिस्ट गमावतात. आरएनए फिश (ठरावीक आरएनएला चमकणारी खूण लावण्याची पद्धत) करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे डोळ्यांना दिसतं. चांगल्या कॉलनीत प्रत्येक केंद्रकाच्या कडेला एक चमकता ढग असतो. बिघडत चाललेल्या कॉलनीत शेजारीशेजारी बसलेल्या दोन पेशींपैकी एकीत ढग असतो, दुसरीत नसतो. आणखी काही पॅसेजनंतर पूर्ण कॉलनीत एकही ढग सापडत नाही. पेशी मात्र दिसायला उत्तम, कडा स्वच्छ, ऑक्ट४ आणि नॅनॉग ही प्लुरिपोटंट अवस्थेची खूणप्रथिनं झकास. नेहमीच्या तपासण्यांत काहीच पकडलं जात नाही.

झिस्ट गेला की बंद एक्सवरची काही जनुकं हळूहळू परत चालू होतात. याला एक्सची झीज म्हणतात. झिस्टच्या प्रमोटरवर (जनुक जिथून चालू होतं त्या डीएनएच्या तुकड्यावर) मिथाइल गट बसलेले असतात आणि पुढे पेशी विभेदित केल्या तरी झिस्ट सहसा परतत नाही. २०१२ मध्ये हार्वर्डमधल्या एका गटाने याचा परिणाम लेश-नायहान आजाराच्या पेशींत दाखवला. हा आजार एक्सवरच्या एचपीआरटी जनुकातल्या दोषामुळे होतो. वाहक स्त्रीच्या पेशींपासून केलेल्या ज्या लाइनमध्ये दोष असलेला एक्स चालू होता, तिथे आधी एचपीआरटीचा अभाव नीट दिसत होता. पॅसेज वाढल्यावर बंद एक्सवरचं निरोगी जनुक जागं झालं आणि आजाराचं लक्षणच पुसलं गेलं. रेट सिंड्रोमचं एमईसीपी२ जनुकही एक्सवरच आहे, त्यामुळे तिथेही हाच धोका. तुमच्या प्रयोगशाळेत स्त्री दात्याची लाइन असेल तर एलएनसीआरएनएवर काम करा वा न करा, झिस्टची तपासणी गोठवलेल्या प्रत्येक बॅचमागे व्हायला हवी. हे मी आग्रहाने सांगते, कारण अनेक ठिकाणी कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) नियमाने होतो आणि झिस्टकडे कुणी बघतही नाही.

या झिस्टचा एक उलटा वापरही झाला आहे. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जीन लॉरेन्स यांच्या गटाने डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या आयपीएस पेशी घेतल्या आणि २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रतींपैकी एकीत झिस्ट जनुक बसवलं. ते चालू केल्यावर ती अख्खी जादा प्रत गप्प झाली. पेशींची वाढ सुधारली, मज्जापेशींच्या पूर्वज पेशी लवकर तयार झाल्या. उपचार म्हणून हे फार दूरचं आहे आणि तसा दावा कुणी करत असेल तर विश्वास ठेवू नका. पण एकटा आरएनए त्याच्या मूळ जागेपासून उचलून दुसऱ्या गुणसूत्रावर नेला तरी तेच काम करतो, याचा याहून भक्कम पुरावा मिळणं कठीण.

आता बाकीच्यांकडे. २०११ मध्ये गटमन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणजन्य मूलपेशींत १४७ एलएनसीआरएनए एकेक करून शॉर्ट हेअरपिनने (ठरावीक आरएनए नष्ट करवणाऱ्या छोट्या आरएनएने) कमी केले. बहुतेक वेळा इतर जनुकांच्या पातळीत फरक पडला, आणि २६ वेळा नॅनॉगचा रिपोर्टर (नॅनॉग चालू असल्याचं दाखवणारा संकेत) उतरला, म्हणजे पेशी प्लुरिपोटंट अवस्थेतून सुटायला लागली. ‘ओळख ठरवतात’ या वाक्याचा मोठा आधार हा निबंध आहे. २०१७ मध्ये क्रिस्पर-आय (डीएनए न कापता जनुक दाबण्याचं तंत्र) वापरून सात प्रकारच्या मानवी पेशींत सोळा हजारांहून अधिक एलएनसीआरएनए जागा तपासल्या गेल्या, त्यात आयपीएस पेशीही होत्या. पेशींच्या वाढीसाठी लागणाऱ्या ४९९ जागा सापडल्या आणि त्यातल्या ८९ टक्के एकाच पेशीप्रकारात महत्त्वाच्या होत्या. प्रथिनांच्या जनुकांत असं दिसत नाही. तिथे वाढीला लागणारी बरीचशी जनुकं सगळीकडे तीच असतात. म्हणून एलएनसीआरएनए पेशीच्या ओळखीशी बांधलेले असतात ही कल्पना मला पटते. दुसऱ्या प्रयोगशाळेने दुसऱ्या पेशीत काढलेला निष्कर्ष आपल्या पेशीत लागू होईल हे गृहीत मात्र धरता येत नाही.

आरएनए की जागा, या प्रश्नाची तीन उत्तरं तीन उदाहरणांत मिळतात.

पहिलं हॉन्टचं. हा एलएनसीआरएनए हॉक्सए जनुकांच्या (भ्रूणात शरीराची मांडणी ठरवणाऱ्या जनुकांच्या) गटाजवळ असतो. २०१५ मध्ये बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने उंदराच्या मूलपेशींत त्याच्या जागेत लहानमोठे बदल केले आणि रेटिनोइक आम्लाने विभेदन सुरू केलं. डीएनए जवळपास तसाच ठेवून फक्त आरएनए कमी केला तर हॉक्सए जनुकं जास्त चालली. डीएनएचा मोठा तुकडा कापला तर तीच जनुकं कमी चालली. म्हणजे आरएनए ब्रेकसारखा आणि तो ज्या डीएनएवरून बनतो तो डीएनए एन्हान्सर. ज्याने फक्त मोठा तुकडा कापला असता, त्याने आरएनए हॉक्सए चालू करतो असं लिहिलं असतं, म्हणजे सत्याच्या बरोबर उलट. हा निबंध बारकाईने वाचा, आकृत्यांसकट.

दुसरं ब्लस्टरचं, २०१६ मधलं, ब्रॉड इन्स्टिट्यूटमधलं. उंदराच्या मूलपेशींत बारा एलएनसीआरएनएंचे प्रमोटर एकेक करून काढले. पाच ठिकाणी शेजारच्या जनुकाची पातळी बदलली. ब्लस्टर हा त्यातला एक एलएनसीआरएनए, त्याचं शेजारी जनुक एसएफएमबीटी२. तिथे पहिल्या इंट्रॉनच्या (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागाच्या) सुरुवातीचा स्प्लाइस बिंदू, म्हणजे कापण्याची जागा, काढला की शेजारी उतरतो, पण पुढचे एक्सॉन (आरएनएत टिकणारे भाग) काढले तर काही होत नाही. आरएनएचा बहुतेक मजकूर इथे बिनकामाचा आहे. काम ट्रान्स्क्रिप्शन आणि स्प्लाइसिंगच्या क्रियेतून होतंय. त्याच अभ्यासात प्रथिनं बनवणाऱ्या काही जनुकांचे प्रमोटरही शेजाऱ्यावर असाच परिणाम करताना दिसले, ही बाब सहसा कुणी उद्धृत करत नाही.

तिसरं पिंकीचं. मेंदूतल्या मज्जा-मूलपेशींत सापडणारा हा आरएनए कमी केला की जास्त मूलपेशी न्यूरॉन व्हायला निघतात, हे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. त्याचा जोडीदार पीटीबीपी१ हे स्प्लाइसिंगचं प्रथिन. चार वर्षांनी त्यांनीच पुढचं पाऊल टाकलं. उंदरात पिंकीची जागा कापली, बिघाड पाहिला, आणि मग जीनोममध्ये भलतीकडेच बसवलेल्या तुकड्यातून पिंकी परत दिला. बिघाड भरून निघाला. रेणू दुसरीकडून आला तरी चालतो, म्हणजे काम रेणूचं. याला रेस्क्यू म्हणतात आणि नॉनकोडिंगच्या जगात तो अजून फार कमी निबंधांत असतो.

वाचताना दोन प्रकारच्या दाव्यांपाशी जरा थांबा. एक म्हणजे ‘स्पंज’. एलएनसीआरएनए मायक्रोआरएनएला (जनुकांचे संदेश दाबणाऱ्या छोट्या आरएनएला) शोषून घेतो आणि त्यामुळे ऑक्ट४ किंवा सॉक्स२ वाचतात, ही मांडणी लिंक-आरओआरमुळे लोकप्रिय झाली. लिंक-आरओआर २०१० मध्ये आयपीएस पेशी बनण्याच्या प्रक्रियेत मदत करणारा म्हणून पुढे आला, आणि तो मिर-१४५ या मायक्रोआरएनएला अडकवतो असं २०१३ मध्ये मांडलं गेलं. हिशेब मात्र करून पाहायला हवा. यकृतपेशींत मिर-१२२ बाबत २०१४ मध्ये नीट मोजलं गेलं, तेव्हा लक्ष्यांवर परिणाम दिसायला पेशीमागे लाखाहून अधिक जादा बंधस्थानं लागली. पेशीत दहा-वीस रेणू असलेला एलएनसीआरएनए स्पंज म्हणून काय शोषणार? पेशीमागे रेणू किती आणि मायक्रोआरएनए किती, हे दोन आकडे ज्या निबंधात नाहीत त्यातला स्पंज मी मान्य करत नाही.

दुसरा दावा पीआरसी२ चा, म्हणजे जनुकं गप्प ठेवणाऱ्या पॉलिकोम्ब प्रथिनांच्या एका संचाचा. २००७ मध्ये हॉटएअर हा एलएनसीआरएनए पीआरसी२ ला ओढून आणतो असं दिसलं आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक नव्या एलएनसीआरएनएला तोच जोडीदार मिळत गेला. पीआरसी२ प्रयोगनळीत जवळजवळ कुठल्याही आरएनएला चिकटतं, हे २०१३ पासून माहीत आहे. २०२४ मध्ये प्रथिनं पूर्ण उलगडतील अशा कडक परिस्थितीत धुऊन पाहिलं तेव्हा जिवंत पेशीतलं हे थेट बंधन दिसेनासंच झालं. झिस्टकडेही पॉलिकोम्ब प्रथिनं येतात ती एचएनआरएनपी-के आणि पीआरसी१ च्या वाटेने. साध्या इम्युनोप्रेसिपिटेशनवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओढून त्याला काय चिकटलंय ते पाहण्यावर) उभी असलेली यंत्रणा आता पुरेशी नाही.

प्रजातींचा प्रश्नही आहेच. ब्रेव्हहार्ट हा उंदराच्या मूलपेशींना हृदयपेशींकडे नेणारा एलएनसीआरएनए २०१३ मध्ये फार गाजला, पण माणसात त्याचा जोड सापडत नाही. उलट झॅक्ट हा मानवी प्लुरिपोटंट पेशींत चालू एक्सला झाकणारा आरएनए उंदरात नाही. मालॅट१ सगळ्या पेशींत भरभरून असतो, सस्तन प्राण्यांत चांगला टिकूनही आहे, तरी तो नसलेले उंदीर धडधाकट जन्मतात, हे २०१२ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. भरपूर असणं म्हणजे आवश्यक असणं नव्हे.

एक गोष्ट मला वगळवत नाही, कारण ती एलएनसीआरएनएला निदानाचं साधन बनवते. उंदराच्या आयपीएस पेशी आणि भ्रूणजन्य मूलपेशी यांच्यात फरक काय, याचा शोध २०१० मध्ये घेतला गेला तेव्हा सर्वात ठळक फरक डीएलके१-डीआयओ३ या इम्प्रिंट झालेल्या (जिथे जनुकाची आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एकच प्रत चालते अशा) भागात सापडला. तिथला जीटीएल२ हा एलएनसीआरएनए, माणसात त्याला मेग३ म्हणतात, अनेक आयपीएस क्लोनमध्ये बंद पडलेला होता. तो बंद असलेल्या क्लोनपासून पूर्ण उंदीर तयार होत नव्हता. चालू असलेल्यांपासून होत होता. पुढे कल्चरमध्ये क जीवनसत्त्व दिलं तर हा भाग बंद पडणं टळतं हेही दिसलं. मेग३ तिथे स्वतः किती काम करतो हा वेगळा प्रश्न, पण तो चालू आहे की नाही एवढं पाहिलं तरी त्या भागाची तब्येत कळते.

आता तुमची निवड. विभेदनाची एकच दिशा घ्या, जी तुमच्या प्रयोगशाळेत आधीपासून बिनचूक चालते. तिच्यात ठरावीक टप्प्यावर चढणारा किंवा उतरणारा, माणसातच तपासता येणारा आणि पेशीमागे निदान काही रेणू असलेला उमेदवार शोधा. सरासरी फसवी असते. एखादा आरएनए शंभरातल्या पाच पेशींत भरपूर आणि बाकीच्यांत शून्य असू शकतो, म्हणून एकल-रेणू फिश लवकर करा. त्यातूनच तो केंद्रकात आहे की बाहेर हेही कळेल आणि कमी करण्याची पद्धत त्यावरच ठरेल. केंद्रकात राहणाऱ्या आरएनएवर एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए) बेभरवशाचं असतं. तिथे आरनेज-एच या एन्झाइमकरवी आरएनए कापणारे अँटिसेन्स गॅपमर (आरएनएला जुळणारे छोटे कृत्रिम तुकडे) बरे पडतात. क्रिस्पर-आय सोयीचं असलं तरी ते प्रमोटर दाबतं. प्रमोटर शेजारच्या प्रथिन जनुकाशी सामायिक असेल, आणि एलएनसीआरएनएंत असे खूप असतात, तर तुम्ही दोघांनाही दाबलेलं असेल. म्हणून दोन वेगळ्या पद्धती वापरा. शेजारच्या जनुकांची पातळी प्रत्येक वेळी मोजा. शक्य असेल तिथे डीएनए न काढता सुरुवातीलाच पॉली-ए संकेत (आरएनए तिथेच संपवणारी खूण) घालून आरएनए अर्धवट तोडा. क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजण्याच्या चाचणीत) रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम, न घातलेला कंट्रोल प्रत्येक नमुन्याला हवाच. इतक्या कमी आरएनएवर जीनोमिक डीएनएची किंचितशी भेसळही खरा सिग्नल म्हणून मिरवते.

आणि सगळं जुळून आलं तरी तुमचा आरएनए खरोखर नॉनकोडिंग आहे का, हे रायबोझोम प्रोफाइलिंगच्या (कुठल्या आरएनएवरून प्रथिन बनतंय हे दाखवणाऱ्या पद्धतीच्या) उपलब्ध डेटात बघून घ्या. त्वचेच्या विभेदनात २०१३ पासून एलएनसीआरएनए म्हणून गाजलेला टिंकर पुढे युबिक्विटिनसारखं प्रथिन बनवताना सापडला. स्नायूंतल्या एका ‘नॉनकोडिंग’ आरएनएतून ४६ अमिनो आम्लांचं मायोरेग्युलिन निघालं. म्हणून रेस्क्यू करताना दोन रचना ठेवा. एक मूळ आरएनएची, आणि दुसरी तशीच, पण संभाव्य वाचनचौकटीचा (प्रथिन बनवू शकेल अशा पट्ट्याचा) आरंभ कोडॉन, म्हणजे प्रथिन सुरू होण्याची खूण, बदललेली. दुसरीनेही बिघाड भरून निघाला तर काम आरएनएचं. नाही निघाला तर तुमच्या हाती एक नवं लहान प्रथिन आहे, आणि प्रकल्पाची दिशा तिथून बदलते.